पडीक

पुकारा झाला तो थोरल्या दिराच्या नावाचा, आणि उठून उभी राहिली ठसकाबाई.

दाराशी उभ्या असलेल्या शिपायानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमचं नाव नाही घेतलं मी."

"मग कधी घेणार?"

"यादीत असेल तर घेईन ना! यादीतच नाही तुम्ही. बसा खाली."

ती बसली नाही. ठसकाबाई हे काही तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. तापल्या तेलात मिरची पडली की घरभर जे होतं ते हिनं तोंड उघडलं की गावात होतं, म्हणून लोकांनी ते पाडलं होतं, आणि इतक्या वर्षांत तीही त्याला ओ द्यायला लागली होती. शिपायाच्या आडव्या हाताखालून वाकून ती सरळ आत गेली. नाकावरचा चष्मा सावरत तिचे वकील मागोमाग धावले.

साहेबांनी कागदातून डोकं वर काढलं. "या कोण?"

समोरच्या बाजूचा वकील अर्धाच उठला. "कोणी नाही, साहेब. म्हणजे पक्षकार नाहीत. दावा हरला त्या माणसाच्या धाकट्या भावाची विधवा."

"साहेब, जमीन प्रत्यक्षात ह्याच कसतात," तिचे वकील म्हणाले. "गहू उभा आहे. पंधरा दिवसांत कापणीला येईल. ताबा द्यायला तेवढी मुदत मिळावी, एवढंच मागणं आहे."

"मुदत मागायची तर पक्षकारानं मागायची. ते कुठं आहेत?"

पक्षकार घरी होते. पहाटे गाडीला निघायच्या वेळी थोरल्या दिराच्या पोटात दुखायला लागलं होतं.

"मग विषयच मिटला," साहेब म्हणाले. ते चिडलेसुद्धा नाहीत. चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं, निदान समोर माणूस उभा आहे हे त्यांना दिसलं तरी असतं. "बाई, हा दावा वरच्या कोर्टापर्यंत जाऊन आला. निकाल अंतिम झाला. आता तो उघडता येत नाही."

"साहेब, एकोणीस वर्षं दावा चालला. एकतीस वर्षं ते रान मी नांगरतेय. मला एकदा तरी कोणी विचारायचं होतं."

"तुम्ही पक्षकार नव्हता."

"मग निकाल मला कसा लागू होतो?"

"तुम्ही त्याच कुटुंबातल्या आहात. त्यांना बंधनकारक ते तुम्हालाही बंधनकारक."

"म्हणजे बोलायचं तेव्हा मी कोणी नाही, आणि उठवायचं तेव्हा मी घरची?"

मागच्या बाकावर कोणीतरी खुसकन हसलं. साहेबांनी पुढचा कागद ओढला, शिपायानं पुढचं नाव पुकारलं, आणि ती बोलत असतानाच दुसरी माणसं तिच्या जागेवर येऊन उभी राहिली. एकाच्या कोपराचा धक्का बसून ती कडेला झाली. शुक्रवारी सकाळी दहा वाजता कोर्टाचा बेलिफ येऊन ताबा घेणार, हे तिला बाहेर आल्यावर वकिलांनी सांगितलं. वार होता सोमवार.

वकील वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला पायरीवर बसवलं, पाणी आणून दिलं.

"त्या निकालात माझ्या रानाबद्दल काय लिहिलंय, ते वाचा," ती म्हणाली.

त्यानं पानं उलटली. "'सदर जमीन पडीक असून तीत कोणतेही पीक अथवा झाड नाही, ही बाब उभय पक्षांना मान्य आहे.'"

"उभय म्हणजे?"

"दोघांनाही. दावा लावणाऱ्या वखारवाल्याला, आणि तुमच्या दिरांना."

तिनं ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. पडीक! ज्या रानातल्या दगडांनी तिची नखं गेली, नवरा गेल्यावर बाराव्या दिवशी जिथं ती पाणी द्यायला उभी होती, त्याला दोन शहाण्या माणसांनी शपथेवर पडीक म्हटलं होतं, आणि तिसऱ्यानं त्यावर शिक्का मारला होता.

"हे खोटं आहे, हे तरी सांगता येईल ना?"

"आता नाही येत. खोटं असलं तरी ते अंतिम खोटं आहे," वकील म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. "एक करता येईल. वरचं रान दिरांकडे आहे ना? त्यात हिस्सा मागायचा नवा दावा लावू."

"तो किती वर्षं चालेल?"

वकिलानं चष्मा काढून पुसायला घेतला. ती काय समजायचं ते समजली.

वरचं रान आणि खालचं रान. घराण्याची जमीन एवढीच. ह्या घराण्यात भावाभावांत कागद करायची रीत नव्हती. कागद परक्याशी, असं सासरे म्हणायचे. सरकारी दप्तरात नाव एकाच माणसाचं, थोरल्याचं, आणि वाटणी व्हायची ती मातीनं. अंथरुणाला खिळल्यावर सासऱ्यांनी दोन्ही रानांतली मूठ मूठ माती आणवली. वरच्या रानातली तांबूस माती थोरल्याच्या हातात ठेवली, खालच्या रानातली काळी धाकट्याच्या. झाली वाटणी. वाटणी मोडायची तर मूठ ज्यानं घेतली त्यानं ती परत करायची, मग पुन्हा पहिल्यापासून वाटायचं. आजेसासऱ्यांच्या वेळी एकदा तसं झालंही होतं. तिच्या नवऱ्यानं ती काळी माती कापडात बांधून तुळईच्या खाचेत ठेवली, आणि तो गेल्यावरही ती पुरचुंडी तिथंच होती.

वखारवाल्याच्या बापाला सासऱ्यांनी खालचं रान कधीतरी लिहून दिलं होतं म्हणे. दिलं असेल, नसेलही. ते सासऱ्यांनाच माहीत. दावा लागला तो दप्तरात ज्याचं नाव त्याच्यावर, म्हणजे थोरल्यावर. आणि दर तारखेला थोरला दीर नवे कपडे घालून जायचा, आल्यावर म्हणायचा, "तुम्ही काळजी करू नका. मी आहे ना." एकोणीस वर्षं तिनं त्याच्या ह्या दोन वाक्यांवर काढली होती.

दोन्ही घरांत एकच भिंत होती आणि अंगण एकच. ती आली तेव्हा पोटात दुखणारा माणूस अंगणात बसून दोरीला पीळ घालत होता.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"पडीक कोणी सांगितलं, दादा?"

दोरीचा पीळ सुटला. त्यानं मान वर केली नाही.

"दाव्यातला माझा वकील म्हणाला होता," तो म्हणाला. "दुसरंच कोणी कसतंय असं कळलं तर आपली बाजू पडेल, असं म्हणाला. मालक मी, तर ताबाही माझाच दाखवायला हवा. मग मी कसतो म्हणावं तर साक्षीदार आणा, शेजारी आणा. त्यापेक्षा पडीक म्हणा, म्हणाला. एक शब्द तर होता, बाई."

"एक शब्द! आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"तुम्ही ओरडला असता."

"ओरडलेच असते! तेव्हा ओरडले असते तर आज रान राहिलं असतं. आणि आज पोट दुखतंय तुमचं. मुदत तुम्हीच मागू शकत होता, पंधरा दिवसांची. तुमच्या वरच्या गव्हाला हात लागला असता तर दुखलं असतं का हो पोट?"

जाऊबाई दारात आली आणि भांडं घेऊन आत गेली. थोरला दीर पुन्हा दोरीला पीळ घालायला लागला, चुकीच्या बाजूनं. ठसकाबाईला त्याच्या हातांकडे बघून किळस आली. हेच हात शपथ घ्यायला वर गेले होते.

मंगळवारी दिवस कलताना ती रानात उभी होती. गहू छातीला लागत होता. तिनं एक ओंबी खुडून दाणा नखानं दाबला तर पांढरं दूध आलं. पंधरा दिवस. ऊन असंच राहिलं तर तेराच.

वखारवाला मोटारसायकल बांधावर लावून आला. लाकडाच्या वखारीत राहून राहून त्याच्या भुवयांतसुद्धा भुसा असायचा. माणूस बोलायला गोड होता, तिला ते फार पूर्वीपासून आवडत नव्हतं.

"राम राम, वहिनी. पीक झकास आलंय. गुण आहे हो तुमच्या हाताला!"

तिनं हातातली ओंबी खाली टाकली.

"माझं तुमच्याशी वैर नाही. कोर्टाचं काम कोर्टानं केलं." त्यानं एक ओंबी तळहातावर चोळून पाहिली. "अजून पंधरा दिवस लागतील, नाही? मजूर सांगून ठेवलेत मी. तुम्हालाही यायचं असलं तर या कापायला. परक्याला मजुरी देण्यापेक्षा तुम्हाला दिलेली काय वाईट?"

स्वतःच्या पेरलेल्या गव्हावर मजुरीनं ये म्हणतोय, आणि वर उपकार केल्यासारखा हसतोय! तिला वाटलं, विळा हातात नाही हे ह्याचं नशीब.

"कोर्टात तुम्ही हे रान पडीक सांगितलंत ना?" तिनं विचारलं.

"ते वकिली भाषेत असतं तसं," तो म्हणाला. "पण आता मालक मी. उभ्या पिकासकट."

तो गेला. तशी ती झपाझप घरी आली आणि दाराशीच म्हणाली, "विळे काढा. उद्या उजाडताच गहू कापायचा."

घरात माणसं तीन. ती, लोकांचा ट्रॅक्टर चालवणारा तिचा मुलगा, आणि सून. मुलगा बापावर गेला होता, आवाज चढला की त्याचा घास अडकायचा.

"हिरवा?" तो म्हणाला. "आई, दाणा दुधात आहे. वाया जाईल सगळा."

"वाया तर गेलाच आहे. कोणाच्या पोटात जायचा एवढंच उरलंय."

"कोर्टाचा अवमान होईल."

सून चुलीपाशी होती. बोलायची कमी, पण बोलली की नेमकं. "जे पीक तिथं नाहीच, ते कापलं तर अवमान कसला?" ती म्हणाली.

ठसकाबाई त्या दिवसात पहिल्यांदा हसली. हसणं कसलं, घशातून खरखर आली नुसती. पण मुलगा उठला आणि कानस घेऊन विळ्यांना धार लावायला बसला.

सून डावखुरी होती. लग्न होऊन आली तेव्हा नेहमीचा विळा तिला चालेना, म्हणून लोहारानं उलट्या दातांचा खास तिच्यासाठी करून दिला होता. त्यामुळे दोघींची कापायची एक पद्धत पडून गेली होती. सासूनं उजव्या बांधापासून सुरू करायचं, सुनेनं डाव्या, आणि मध्ये भेटायचं. भेटल्या की पाणी प्यायचं. सुगीत ह्या भेटीला कायम थट्टा असायची, कोण आधी आलं आणि कोण कामचुकार. बुधवारी दोघी मध्ये भेटल्या, पाणी प्याल्या आणि न बोलता पुन्हा बांधाकडे गेल्या.

हिरवा गहू कापणं सोपं नसतं. वाळलेलं ताट कडकन तुटतं, हिरवं लवतं, विळ्याला लपेटतं. ओल्या ताटांनी धार मरते. दर दोन वाफ्यांमागे मुलगा कानस फिरवत होता. दुधानं बोटं चिकट झाली, त्यावर माती बसली, कुसळं मनगटातून वर दंडापर्यंत चढली. दुपारपर्यंत ठसकाबाईची कंबर अशी धरली की तिला सरळ होता येईना, मग ती वाकलेलीच राहिली. दर मुठीबरोबर ती मोजत होती. पैसे मोजत नव्हती, तिच्याकडे मोजायला माणसं होती. ही मूठ साहेबांची. ही त्या हसणाऱ्याची. ही वखारवाल्याची. ही दादांची. दादांच्या मुठी सगळ्यांत जास्त झाल्या.

कापलेलं गुरांना टाकायचं होतं, पण घरची गाय एकच. गवळ्याला निरोप दिला. तो गाडी घेऊन आला, ढीग बघितला आणि डोक्याला हात लावला.

"वहिनी, पाप आहे हे. ओंबी भरलेली आहे."

"पाप कोणाचं ते मागाहून ठरवू. तू गाडी भर."

गुरुवारी दुपारी थोरला दीर विळा घेऊन आला. सगळा गाव बघत होता, त्यालाही घरात बसवेना. तो बांधावर घुटमळला. "मी डाव्या कडेनं लागू का?"

"नको," ठसकाबाई न थांबता म्हणाली. "इथं पीक नाही, दादा. तुम्ही शपथेवर सांगितलंय. नसलेलं कशाला कापता?"

तो विळा घेऊन परत गेला. मुलाला वाईट वाटलं असावं. तिला वाटलं नाही.

शेवटचा वाफा शुक्रवारी सकाळी आठला संपला. दोघी मध्ये भेटल्या तेव्हा सुनेच्या तळहातावरचे फोड फुटले होते. गवळ्याची शेवटची गाडी गेली. त्या उघड्या रानाकडे बघताना मात्र ठसकाबाईनं विळा खाली टाकला. आपल्याच हातानं केलं हे, असं एकदा मनात आलं, आणि रडू फुटलं. सुनेनं तिला रडू दिलं. मग ठसकाबाई पाटाच्या पाण्यावर गेली, तोंड धुतलं, आणि घरी जाऊन तुळईच्या खाचेतली पुरचुंडी काढून कमरेला खोचून आली.

दहाला बेलिफ आला. उतारवयाचा, खांद्याला कापडी पिशवी. मागून वखारवाला, एक राखणदार आणि नावाची रंगवलेली पाटी. थोरल्या दिरालाही बोलावणं होतं, पक्षकार म्हणून. गावातली पाचपंचवीस माणसं बांधावर उभी होती.

वखारवाल्यानं रान बघितलं आणि त्याचा गोडवा एका क्षणात उतरला. "पीक कुठं आहे? अहो, मंगळवारी इथं गहू होता! छातीएवढा! हिनं कापला! लिहा, साहेब, हिनं माझं उभं पीक नेलं!"

बेलिफानं तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

"कोणी नाही," ठसकाबाई म्हणाली. "कोर्टातच ठरलंय सोमवारी."

बेलिफानं कागद काढला आणि बोट फिरवत वाचला. मग रानाकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. "पडीक, पीक नाही, झाड नाही. उभय पक्षांना मान्य. बरोबर आहे की!"

"अहो, पण गहू होता!"

"तुम्हीच शपथेवर सांगितलंय नव्हता म्हणून. निकाल अंतिम आहे, शेट. त्यात मला गहू पेरता येत नाही."

बांधावर हशा पिकला. वखारवाल्याच्या भुवया थरथरत होत्या. पाटी ठोकायला खड्डा खणत असलेला राखणदारही हसला आणि मग दचकून खणायला लागला.

बेलिफानं पंचनामा लिहिला. लिहून झाल्यावर थोरल्या दिरापुढे धरला. "ताबा देणार म्हणून इथं सही करा. जमीन आजपर्यंत तुमच्या ताब्यात होती, ती आज दिली, असं आहे."

थोरल्या दिरानं ठसकाबाईकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

"थांबा, दादा. आधी नीट वाचा," ती म्हणाली. "कोणाच्या ताब्यात होती?"

"बाई, लोकांसमोर कशाला..."

"लोकांसमोरच. ती माझ्याकडे होती असं सांगा, म्हणजे मी कोणीतरी होईन. एकदा सांगा. रान तर गेलंच आहे, आता तुमचं काय जातंय?"

त्याचं काय जात होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. शपथेवरचं खोटं उघडं पडलं असतं. क्षणभर असं वाटलं की तो बोलेल. मग त्यानं पेन घेतलं आणि सही केली.

"झालं," बेलिफ म्हणाला आणि कागद पिशवीत घातला.

ठसकाबाईनं कमरेची पुरचुंडी सोडली. एकतीस वर्षांत कापड कुजून गेलं होतं, गाठ नुसती ओढल्यावर फाटलं. तिनं दिराचा सही केलेला हात धरला, उलटा केला आणि ती काळी माती त्याच्या तळहातावर ओतली.

त्यानं हात मागे घ्यायला पाहिला. तिनं मनगट सोडलं नाही. तीन दिवस हिरवा गहू कापलेले हात होते ते.

"हे काय? वाटणी मोडतेस?" तो पुटपुटला. अहोजाहो सुटलं होतं.

"मी कुठली मोडायला! तुम्ही कोर्टात शपथेवर सांगितलंत, आज पुन्हा लिहून दिलंत की खालचं रान तुमचं होतं. कोर्टही तेच म्हणतं. मग बापानं दोन मुलांना दोन रानं दिली, त्यातलं खालचं तुमचं, तर वरचं कोणाचं?"

बांधावरची जुनी माणसं त्या काळ्या मातीकडे बघत होती. मूठ परत आलेली त्यांनी फक्त ऐकली होती.

"असं कुठं असतं?" थोरल्या दिराचा आवाज फाटला. "कागदावर दोन्ही माझ्या नावावर आहेत. मी कोर्टात जाईन!"

"जा. एकोणीस वर्षांनी निकाल लागला की मला पुकारा. तोवर मी पेरत राहते."

तिनं त्याचं मनगट सोडलं. माती त्याच्या बोटांमधून गळायला लागली, तशी त्यानं नकळत मूठ मिटली. सुनेनं आपला उलट्या दातांचा विळा उचलला, मुलानं न सांगता कानस खिशात घातली. तिघं चढणीला लागले.

वरच्या रानात दादांचा गहू कमरेच्या वर आला होता, खालच्या गव्हाच्याच आठवड्यात पेरलेला. ठसकाबाईनं बांधावर बसकण मारली, एक ओंबी खुडली आणि दाणा दाबून पाहिला. दूध आलं. अजून बारा दिवस होते, आणि तोवर ती तिथून उठणार नव्हती.